पाहुण्यांचा रकाना

आमच्या अहवालाच्या चौतिसाव्या पानावर एक वाक्य होतं. ‘या वस्तीत घरोघरी डाळ पुरेशी असूनही बालके कुपोषित आहेत, याचे कारण मातांचे अज्ञान.’ टाइप झालेलं ते वाक्य मी वाचलं आणि माझं डोकं जे फिरलं, ते आजही पुरतं जागेवर आलेलं नाही. कारण त्या वाक्यातली डाळ मी मोजली होती. माझ्या हातानं, एकेक ग्रॅम.

साल १९७४. मी सार्वजनिक आरोग्यातला पोषणाचा डिप्लोमा करत होते आणि त्याचाच भाग म्हणून एका योजनेत सर्वेक्षक म्हणून लागले होते. योजनेचं ऑफिस नागपूरच्या सदर भागात, औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पैसा कुठल्याशा परदेशी संस्थेचा आणि कारभार डॉ. मधुसूदन घाटे यांचा. जगात कुठे किती माणसं अर्धपोटी आहेत याचा एक मोठा नकाशा त्यांच्या खुर्चीमागे टांगलेला होता. आपला देश त्यात चांगला गडद रंगवलेला. डॉक्टर त्या नकाशाकडे पाठ करून बसत, आणि पोषणावर बोलायला लागले की तासभर थांबत नसत.

योजना साधी होती. नागपुरातल्या दहा गरीब वस्त्यांत लोक काय खातात ते मोजायचं, आणि जिथं डाळ सगळ्यात कमी निघेल अशा तीन वस्त्यांत पाच वर्षांखालच्या पोरांसाठी आहारकेंद्र उघडायचं. रोज दुपारी वाटीभर खिचडी आणि दूध, सलग दोन वर्षं. उरलेल्या सात वस्त्यांना काही नाही. उपाशी राहण्यातसुद्धा पहिले तीन नंबर काढायचे ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली होती कोण जाणे. पण तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, हातात नवी वही होती, आणि मला ते शास्त्र वाटलं.

माझ्या वाट्याला नंदनवनच्या पलीकडची, नाल्याकाठची वस्ती आली. सगळी आपलीच माणसं, म्हणजे छप्पन साली दीक्षा घेतलेली. माझे वडील आनंदराव रेल्वेत गँगमन, त्यामुळे मी शिकले. या वस्तीतले पुरुष रिक्षा ओढत किंवा हमाली करत आणि बायका संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायला जात. मी तिथं नऊ घरं निवडली. पहिलं घर भीमाबाईचं. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळी, पण बोलणं असं की पुढच्यानं आपोआप सरळ उभं राहावं. सून इमारतीच्या कामावर जाई, मुलगा रिक्षावर, आणि नात सुजाता दिवसभर आजीच्या पदराला धरून. सुजाता अडीच वर्षांची होती आणि तिचं वजन भरलं साडेसात किलो. दंडाला घेर मोजायची पट्टी लावली तर ती तांबड्या, म्हणजे धोक्याच्या, खुणेच्याही आत गेली. ज्या सुजातेनं बुद्धाला खीर वाढली तिचं नाव या पोरीला ठेवलेलं, आणि पोरीच्या हाताची हाडं मोजून घ्यावीत.

आमची पद्धत अशी होती. चूल पेटायच्या आत, सकाळी सातला घरी पोचायचं. बाईनं त्या दिवशीचा कच्चा शिधा काढून ठेवायचा, ज्वारीचं पीठ, डाळ, तेल, जे असेल ते. मी तराजूत मोजायचं. लाकडी पेटीत एक ग्रॅमपर्यंतची वजनं होती. मग तक्ता भरायचा. रोज तीन घरं, प्रत्येक घर तीन दिवस, म्हणजे नऊ दिवसांत नऊ घरं संपली. तक्त्याच्या शेवटी एक रकाना होता, ‘जेवणास असलेले पाहुणे’. तिथं मी रोज शून्य लिहीत होते. आणि एक नियम होता, जाड अक्षरात: सर्वेक्षकाने घरातील कोणतेही अन्न घेऊ नये. घेतलं तर मोजमाप चुकतं म्हणे. वस्तीत येऊन पाण्याच्या थेंबालाही शिवायचं नाही, हा नियम आपल्या लोकांना नवा नव्हता. या खेपेला त्याला शास्त्राचं कारण मिळालं होतं, एवढंच. मी मात्र चहा घेत होते. नाही म्हटलं तरी बायका ऐकत नसत. प्रत्येक घरी शिधा मोजून झाला की गुळाचा कोरा चहा यायचा, “बस वं पोरी, दम घे” म्हणायच्या, आणि तो संपेपर्यंत हलू द्यायच्या नाहीत. मी मनात म्हणायची, काय प्रेमळ माणसं आहेत.

दहा वस्त्यांत माझी वस्ती डाळ खाण्यात पहिली आली. योजनेच्या पुस्तकात माणशी चाळीस ग्रॅम हवी असं लिहिलेलं, आमच्याकडे सरासरी पन्नासच्या वर. डॉक्टर खूश झाले. डाळ भरपूर आणि पोरं तरी वाळलेली, हा त्यांना मोठा शोध वाटला. उचलली जीभ लावली टाळ्याला. चौतिसाव्या पानावरचं ते वाक्य त्यातून जन्मलं. पुढची शिफारसही तयार होती. या वस्तीला खिचडी नको, शिक्षण द्या. रंगीत तक्ते दाखवून मातांना समजावा की बाळाला डाळ द्यावी. पहिलं व्याख्यान शुक्रवारी सकाळी दहाला, वस्तीतच. तक्ते धरून उभं राहायचं काम माझं.

मंगळवारी मी अहवाल वाचून चडफडत माझे जुने तक्ते काढून बसले. भीमाबाईला मी ओळखत होते. ती घरात डाळ ठेवून नातीला उपाशी ठेवणारी बाई नव्हती. नऊ सकाळचे सत्तावीस कागद होते. बेरजा करायला ऑफिसात एक कारकून होता, त्यामुळे ते सगळे एकत्र असे मी कधी पाहिलेच नव्हते. मी फक्त डाळीचे आकडे एकाखाली एक उतरवले, ज्या क्रमानं मोजले त्या क्रमानं.

तीनशे पंचवीस. तीनशे चोवीस. तीनशे बावीस. चार माणसांच्या घरात तीनशे एकवीस आणि रुखमाबाईच्या नऊ माणसांच्या घरात तीनशे वीस. आकडा कधी वाढत नव्हता. घरागणिक एक-दोन ग्रॅमनं उतरत होता, सत्ताविसाव्या ओळीत दोनशे त्र्याण्णव.

डाळ एकच होती. मी एका घरात चहा पीत बसले असताना ती मागच्या दारानं पुढच्या घरी जात होती. एक पत्र्याचा डबा होता, तळाशी चेपलेला, आणि मला आता आठवलं की तो मी तीन-चार घरांत तरी पाहिला होता. मला वाटलं होतं, असतात एकसारखे डबे. ती डाळ नऊ दिवसांत कुणी शिजवली नव्हती. तिचं वजन कमी झालं ते खाऊन नव्हे, घराघरांतून नेताना दाणे सांडून.

मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले की अहवाल टाइप झाला आहे. मी म्हटलं, अहवाल खोटा आहे. ते म्हणाले, अहवाल खोटा नाही, बायका खोटं बोलल्या. आणि तुमचं म्हणणं खरं धरलं तर या वस्तीची माहितीच बाद होते, मग तिला यादीतून काढावं लागेल. म्हणजे डाळ आहे म्हटलं तरी केंद्र नाही, आणि डाळ नाही म्हटलं तरी केंद्र नाही. सुजाता साडेसात किलोचीच राहणार, आणि तीही फार दिवस राहणार नाही, हे दंडाला पट्टी लावणाऱ्या कुणालाही कळत होतं. मी तसं बोलले. डॉक्टर म्हणाले, “प्रेमिला, या क्षेत्रात भावना ठेवून चालत नाही. पुरावा आणा.” नकाशा मागे होताच. मला तो फाडावासा वाटला, हे लपवून काय करू.

गुरुवारी दिवेलागणीच्या आधी मी भीमाबाईकडे गेले. ती पेट्यांच्या कामावरून नुकतीच आली होती, हाताला संत्र्याच्या सालीचा वास होता. मी सरळ विचारलं. तिनं नाकारलं नाही. डाळ तिच्या भावानं, रुपरावानं, काटोलकडून बसनं आणून दिली होती. पोरीला वरण खाऊ घाल म्हणाला होता. दुसऱ्याच दिवशी मी तराजू घेऊन दारात उभी राहिले. मग ती डाळ शिजवायची राहून गेली. आधी तिच्या घरची अब्रू झाकली, मग शेजारणीची, मग तिच्या शेजारणीची. मोजणी संपल्यावरही शिजवली नाही, कारण डॉक्टर तपासायला येणार आहेत असं कुणीतरी सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण या मुठीत पोरीचं वरण होतं. मला एवढा राग आला की मी मोठ्यानं बोलायला लागले. म्हटलं, तुम्ही खरं सांगितलं असतं तर इथं केंद्र झालं असतं, उद्या माझ्याबरोबर सदरला चला आणि सांगा की घरात डाळ नव्हती.

भीमाबाईनं सुजाताला मांडीवर घेतलं.

“गावात होती तवा रोज सांजच्याले मी भाकर मागाले जाची,” ती म्हणाली. “पाटलीन दारात येऊन इचारे, काहून वं, घरात काही नाही का? नाही माय, म्हणा लागे. मंग ते शिळा तुकडा वरून टाके. छप्पन साली दीक्षा घेतली, अन् तवापासून घरात काही नाही असं मीनं कोनाले सांगतलं नाही. नवऱ्याचं मरण झालं तवाबी नाही. तू आली, दारात उभी राहून तेच इचारलं. तुह्या हातात वही होती, इतकाच फरक.”

मी आणखी चिडले. माझी आजीही काटोलजवळच्या गावात भाकर मागायला जायची. हे मी कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे झाकायचं कसं हे मलाही चांगलं ठाऊक होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“तुमची इज्जत राहील, मावशी,” मी म्हटलं. “सुजाता नाही राहणार.”

तिनं मला घरी जा म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही. मी निघाले तेव्हा तिनं चहाचंही विचारलं नाही, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

शुक्रवारी दहाला जीप आली. वस्तीच्या मोकळ्या जागेत तीसेक बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. कामाचा खाडा करून. मी तक्ते धरून उभी. पहिल्या तक्त्यावर गुबगुबीत बाळ, अंडी, सफरचंद आणि एक भलीमोठी दुधाची बाटली. या वस्तीत सफरचंद कुणी शेवटचं कधी पाहिलं होतं ते विचारायला पाहिजे होतं. डॉक्टर चांगलं बोलत. बाळाला काय हवं, कधी हवं, डाळ कशी मऊ शिजवावी, सगळं सांगितलं. मग बोलता बोलता त्यांचं लक्ष सुजाताकडे गेलं. त्यांनी तिचा दंड दोन बोटांत धरला आणि सगळ्यांना दाखवला. म्हणाले, “हे बघा. या वस्तीत घरोघर डाळ आहे, आमच्या वहीत मोजलेली आहे. तरी हे पोर असं का? कारण तुम्ही देत नाही. याला अज्ञान म्हणतात.”

मी बोलणारच होते. नोकरी गेली तर गेली, डिप्लोमा गेला तर गेला, इथपर्यंत मी आले होते. पण माझ्याआधी भीमाबाई उठली. तिनं डॉक्टरांच्या बोटांतून नातीचा हात सोडवून घेतला, घरात गेली आणि तो चेपका डबा घेऊन बाहेर आली.

“मोज वं पोरी,” ती मला म्हणाली. “अजून एक डाव.”

तराजू जीपमध्ये होता. मी आणला. डाळ पारड्यात ओतली, वजनं चढवली. दोनशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. मी आकडा मोठ्यानं वाचला.

भीमाबाईनं वळून बायकांकडे बघितलं. रुखमाबाई उठली, तिच्या मागोमाग बाकीच्या. नऊ घरांतून नऊ ताटल्या आल्या, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, काही काठ मोडलेल्या. त्या तिनं डॉक्टरांच्या बुटांपासून हातभर अंतरावर ओळीनं मांडल्या आणि पारड्यातली डाळ ओंजळीनं एकेका ताटलीत वाटली. कमी-जास्त झालं तिथं चिमटीनं सारखं केलं. मग मला म्हणाली, आता एकेका घरची मोज.

मी मोजली. दर ताटलीत बत्तीस ग्रॅम, एखाद्या दाण्याचा इकडेतिकडे फरक. रुखमाबाईच्या ताटलीपाशी मी थांबले आणि सांगितलं की या घरात नऊ माणसं आहेत, माणशी साडेतीन ग्रॅम. तेही एकाच दिवसाचं. उद्या ते पण नाही.

“मागाले नाही उठली मी, सायेब,” भीमाबाई म्हणाली. “तुमच्या वहीत चूक हाय, ते दुरुस्त कराले उठली. हे एकाच घरची डाळ हाय. नऊ घरं हिंडली.”

डॉक्टरांनी पुरावा मागितला होता, तो त्यांच्या पायाशी मांडलेला होता. त्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं, माणूस आकड्याशी बेइमान नव्हता. त्यांनी बॅगेतून अहवाल काढला, चौतिसावं पान उघडलं आणि ते वाक्य स्वतःच्या पेनानं आडवं खोडलं. समासात ‘३२’ लिहिलं, त्याखाली रेघ मारली. मला म्हणाले की मोजणीचे तक्ते नव्यानं करा, ही वस्ती यादीत शेवटची येईल, म्हणजे केंद्र इथंच होणार. कुणी आभार मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं.

एवढ्यावर ते निघाले असते तर मी त्यांच्याबद्दल जरा बरं बोलले असते. पण चूक कबूल करणाऱ्या मोठ्या माणसाला ती थोडी दुसऱ्याच्या पदरात टाकल्याशिवाय राहवत नाही. ते किंचित चिडून म्हणाले, “पण हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?”

भीमाबाई ताटल्यांतली डाळ परत एका पातेल्यात गोळा करत होती.

“तुमी मोजून राहिले होते,” ती म्हणाली. “एक डाव जेवाले बसले असते तं समजलं असतं.”

मग तिनं बाहेरच्या चुलीवर पाणी ठेवलं आणि ती डाळ टाकली. रुखमाबाईनं घरातून हळद आणली, कुणी मीठ, कुणी दोन मिरच्या. डाळ शिजेपर्यंत थांबा, बसा, असं तिनं डॉक्टरांना दोनदा सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. सदरला बारा वाजता बैठक होती. शिवाय नियम होता. जीप गेली, तक्त्यावरचं गुबगुबीत बाळ तेवढं माझ्यापाशी राहिलं.

वरण पातळ झालं होतं, नऊ घरांना पुरवायचं म्हणजे पातळच. पहिल्यांदा पोरांना वाढलं. सुजाता आजीच्या मांडीवर बसून वाटी दोन्ही हातांनी धरून प्यायली, आणि रिकामी झाल्यावरही सोडेना. मग भीमाबाईनं एक ताटली माझ्यापुढं ठेवली. अर्धी भाकर, वर तीन चमचे वरण. ती माझ्याकडे बघत नव्हती. कालचा राग अजून होता, आणि तो असायलाच पाहिजे होता.

मी खाल्लं. नाही म्हणण्याची माझी लायकी नव्हती. पोराच्या तोंडचा घास आहे हे कळत होतं, तरी शेवटचा तुकडा ताटलीवर फिरवून पुसून खाल्लं. भीमाबाईनं ताटली उचलली आणि चहा घेशील का म्हणून विचारलं.

हात धुऊन मी तिथंच नवा तक्ता काढला. वस्ती, घर, तारीख. डाळ, दर घरी बत्तीस ग्रॅम. मग शेवटचा रकाना आला, जेवणास असलेले पाहुणे. तिथं मी एक लिहिला.